शटरच्या आतले बालपण

झाडीपट्टीत वाढलेल्या माणसाला पडद्याची ओढ मुद्दाम शिकवावी लागत नाही. दिवाळी उलटते, धान घरात येते आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावागावांत नाटकांचा हंगाम सुरू होतो. तो होळीपर्यंत चालतो. वडशाच्या कंपन्या गाड्या भरून निघतात. मंडई किंवा शंकरपट असलेल्या गावी रात्री मंडप उभा राहतो आणि उजाडेपर्यंत नाटक चालते. मोठी माणसे कथानक पाहायला येत, लावणी पाहायला येत, सोयरे भेटतात म्हणून येत. आम्ही पोरे मात्र अगदी पुढे, जमिनीवर, पडद्याच्या पायाशी बसत असू. दोरी ओढली की महाल गुंडाळला जाई आणि जंगल दिसू लागे. खरे जंगल मंडपापासून हाकेच्या अंतरावर होते. त्यातून चालत आम्ही नाटकाला आलेलो असू आणि पहाटे त्यातूनच परतणार असू. पण भीती वाटे ती कापडावरच्या जंगलाची. त्या रंगवलेल्या झाडांमागे कोण उभे आहे, हे आम्हाला ठाऊक नसे, म्हणून असेल.

हे सारे आठवण्याचे निमित्त एका चित्रकाराचे आहे. त्याचा झाडीपट्टीशी काही संबंध नाही. अतुल दोडिया हे मुंबईचे. त्यांचा जन्म १९५९चा, घर काठियावाडी गुजराती, बालपण घाटकोपरच्या चाळीतले, शिक्षण जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधले. सिनेमाचे पोस्टर, कॅलेंडरातले देव, दुकानाचे शटर, शाळेचा फळा अशा रोजच्या, स्वस्त, सर्वांच्या परिचयाच्या वस्तूंतून त्यांनी आपली चित्रभाषा घडवली. म्हणून त्यांच्यासंबंधी बोलताना ‘पॉप आर्ट’ हा शब्द वारंवार येतो. आम्ही मराठी शिकवणारी माणसे. चित्रकलेचे समीक्षक नव्हे. आमच्यापैकी बहुतेकांना ही चित्रे भेटली तीही छापील पुस्तकांतून आणि संगणकाच्या पडद्यावरून. तरीही हा विषय हाती घेण्याचे धाडस आम्ही करतो आहोत, कारण या चित्रांनी आमच्या अध्यापनातली एक चूक आम्हाला दाखवून दिली. ती चूक कोणती, हे कळण्यासाठी थोडा इतिहास पाहावा लागेल.

‘पॉप’ हा शब्द पश्चिमेकडून आला. १९५६ साली लंडनच्या एका प्रदर्शनासाठी रिचर्ड हॅमिल्टनने मासिकांतल्या जाहिराती कापून एक कोलाज केले. १९६२मध्ये अँडी वॉरहॉलने सूपच्या डब्यांची ३२ चित्रे लॉस एंजेलिसमध्ये मांडली. युद्धोत्तर सुबत्तेत वस्तूंचा पूर आला होता; त्या पुराकडे हे चित्रकार थोड्या कौतुकाने, थोड्या थट्टेने आणि बऱ्याचशा थंडपणाने पाहत होते. सूपचा डबा विकत घ्यायचा, रिकामा करायचा, टाकून द्यायचा. डब्यापाशी कोणी रडत नाही.

आपल्याकडे लोकप्रिय चित्राचे घरातले स्थानच वेगळे. १८९४ साली राजा रविवर्म्याने मुंबईत शिळाछापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्या छापखान्यातून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतींनी देव्हाऱ्याचा अर्थच बदलला. ज्यांना देवळात प्रवेश नव्हता त्यांच्याही भिंतीवर देव आले. मग कॅलेंडरे आली. वर्ष संपले तरी आपल्या घरात कॅलेंडर फेकले जात नाही. तारखांचा भाग कापून टाकतात आणि देवाचे चित्र खिळ्यावर राहते. धुराने काळवंडते, कडेने कुरतडले जाते, पण राहते. परीक्षेला निघालेला मुलगा त्याच्यासमोर उभा राहतो. घरात भांडण झाले की आई त्याच्यासमोर उभी राहते आणि तिच्या पाठीवरून मुलाला कळते, की ती रडते आहे. घरातले जे बोलायचे नसते ते या चित्राला ठाऊक असते.

चंद्रपुरात चैत्रात महाकालीची यात्रा भरते. मराठवाड्यातून, तेलंगणातून माणसे येतात. परतताना पुष्कळांच्या हाती काचेत मढवलेली देवीची तसबीर असते. आम्ही शिकलो, पदवीधर झालो आणि या तसबिरींना ‘बाजारू’ म्हणू लागलो. ‘अभिरुची’ हा शब्द नुकताच शिकलेल्या माणसाला आधी आपल्याच घरातल्या भिंतीची लाज वाटते.

ही लाज ज्याने पहिल्यांदा झुगारली तो भूपेन खख्खर. १९३४ साली मुंबईच्या खेतवाडीत जन्मलेला, चार भावंडांतला धाकटा. वडील गेले तेव्हा तो चार वर्षांचा होता. घरात गुजरातीबरोबर मराठी आणि हिंदीही बोलली जाई. इंग्रजी मात्र फारशी नव्हती. तो चार्टर्ड अकाउंटंट झाला. गुलाममोहम्मद शेख यांच्या ओळखीने आणि आग्रहाने १९६२मध्ये बडोद्याला गेला. तिथे पोटासाठी हिशेब तपासत राहिला आणि उरलेल्या वेळात चित्रे काढत राहिला. १९६५च्या सुमारास त्याने बाजारातल्या देवांची छापील चित्रे कापून, चिकटवून, त्यांवर रंग आणि अक्षरे ओढून कोलाजे केली. भारतातली ही पहिली पॉप चित्रे असे त्यांचे वर्णन होते. पुढे १९७२च्या आगेमागे शिंपी, घड्याळजी, न्हावी, सहायक हिशेबनीस अशी माणसे त्याच्या चित्रांत आली. दुकानाच्या पाटीसारखे सपाट, भडक रंग आणि मधोमध बसलेला एकटा, अवघडलेला माणूस. पाटी सगळ्यांना वाचता येते, पण आत बसलेला माणूस कोणालाच वाचता येत नाही.

हे अवघडलेपण कशाचे होते याचा उलगडा १९८१च्या एका चित्रात होतो. ‘यू कान्ट प्लीज ऑल’, म्हणजे सगळ्यांना खूष करता येत नाही, हे त्याचे नाव. इसापाची बाप, मुलगा आणि गाढव यांची गोष्ट आपल्याकडे सर्वांना पाठ आहे. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी १८२८मध्ये इसापनीती मराठीत आणली, तेव्हापासून महाराष्ट्रातल्या पिढ्यान्‌पिढ्या या गोष्टींवर वाढल्या. लोक काय म्हणतील या धाकाने कधी बाप गाढवावर बसतो, कधी मुलगा, कधी दोघे, आणि अखेर गाढवच जाते. खख्खरने या कथेचे टप्पे एका गावाच्या दृश्यात पसरून मांडले. आणि पुढे, एका सज्जात, पाठमोरा, विवस्त्र माणूस उभा केला. तो ती गोष्ट खाली घडताना पाहतो आहे. खख्खर समलिंगी होता. आयुष्याची जवळजवळ पन्नाशी त्याने ही गोष्ट झाकून ठेवली होती. आईच्या मृत्यूनंतर काढलेल्या या चित्राने त्याने ते झाकण काढले. प्रौढ वयातली सर्वांत अवघड कबुली देताना त्याला आठवली ती बालवर्गातली गोष्ट, हे आम्हाला फार अर्थपूर्ण वाटते. लपवायला आपण लहानपणीच शिकतो. म्हणून लपवलेले सांगायची भाषाही तिथेच सापडत असावी. २००३ साली खख्खर गेला. २०१६ साली लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये त्याचे मोठे प्रदर्शन भरले, त्यालाही याच चित्राचे नाव दिलेले होते.

अतुल दोडिया यांनी हा वारसा उघडपणे मान्य केला आहे. १९९४चे त्यांचे ‘द बॉम्बे बुकेनियर’ हे चित्र पाहा. ‘बाजीगर’ हा सिनेमा १९९३चा. शाहरुख खानच्या काळ्या चष्म्याच्या काचांत दोन नायिकांचे चेहरे, हे त्याचे पोस्टर आमच्या पिढीला विसरता येणार नाही. आम्ही तेव्हा शाळेत होतो आणि ते पोस्टर आमच्या तालुक्याच्या भिंतींवरही आले होते. दोडियांनी नायकाच्या जागी स्वतःला उभे केले आणि चष्म्याच्या काचांत दोन चित्रकारांना बसवले: एका काचेत इंग्लंडचा डेव्हिड हॉकनी, दुसरीत भूपेन खख्खर. वरवर ही गंमत आहे. पोस्टरमधल्या नायकासारखा चष्मा लावून आरशासमोर उभा राहणारा प्रत्येक मुलगा तीत आहे. पण ज्यांच्या डोळ्यांनी मी पाहायला शिकलो ते हे दोघे, असेही तो मुलगा सांगतो आहे. गंभीर ऋण मान्य करायला त्याला भिंतीवरचे पोस्टर चालले, याचे मोल आम्हाला वाटते.

याच वर्षी, १९९४मध्ये, मराठीत प्रकाश नारायण संतांचा ‘वनवास’ हा कथासंग्रह आला. हा केवळ योगायोग; पण तो आमच्या कामाचा आहे. तोवर मराठी मनातल्या बालपणावर ‘श्यामची आई’ची सावली फार मोठी होती. नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी लिहिलेल्या त्या पुस्तकात मूल चुकते, रडते, आईपाशी कबूल होते आणि शुद्ध होते. भावना तिथे अश्रूंवाटे बाहेर येतेच. संतांचा लंपन निराळा. आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे वाढणारा हा मुलगा आपले दुःख सांगत नाही; ते आपल्याला दुःख आहे हेही त्याला नीट ठाऊक नसते. तो वस्तू पाहतो, आवाज ऐकतो, वेडेवाकडे शब्द जुळवतो, आणि वाचकाला त्या वस्तूंमागची पोकळी जाणवते. ‘शारदा संगीत’, ‘पंखा’, ‘झुंबर’ या पुढच्या संग्रहांची नावे पाहिली तरी घरातल्या वस्तू किती मोठे ओझे वाहतात ते दिसेल. जे संतांनी गद्यात केले त्याच्या जवळ जाणारे काही दोडिया चित्रांत करत होते, असे म्हटले तर ते धाडसाचे होईल. पण खोटे होणार नाही.

आता शटरांकडे येऊ. १९९२-९३च्या दंगलींत मुंबईने शटरे धडाधड खाली येताना ऐकली. दुकानाचे शटर ही तशी निर्जीव, नालीदार पत्र्याची वस्तू. सकाळी वर गेले की व्यवहार सुरू, खाली आले की भय. सन २०००च्या सुमारास दोडियांनी खऱ्या शटरांवर एनॅमल रंगांनी चित्रे काढायला घेतली. शटर खाली असताना एक चित्र दिसते. ते वर सरकवले, की आतले दुसरे दिसते. २००१ साली टेट मॉडर्नमधल्या ‘सेंच्युरी सिटी’ या प्रदर्शनाच्या मुंबई विभागात ती मांडली गेली.

या मालिकेतल्या ‘महालक्ष्मी’विषयी लिहिताना आमचा हात थबकतो. बंद शटरवर कॅलेंडरातली महालक्ष्मी आहे: प्रसन्न, दागिन्यांनी मढलेली, वर्षानुवर्षे आपल्या घरांत असते तशी. शटर वर गेले की आत तीन बहिणी दिसतात. हुंड्यापायी बापाची होणारी ओढाताण पाहून एकत्र गळफास घेतलेल्या. इथे देवीची विटंबना आहे असे आम्हाला मुळीच वाटत नाही. त्या तीन मुली ज्या घरात वाढल्या त्या घरातही भिंतीवर अशीच लक्ष्मी असणार. मुलीच्या जन्माला ‘लक्ष्मी आली’ म्हणणाऱ्या समाजात लक्ष्मीच्या चित्रामागे काय साचते, हे दाखवायला याहून वेगळी रचना कोणती असू शकेल? कॅलेंडर खोटे नाही. पण ते बंद शटर आहे. पाहणाऱ्याने वाकून, हात घालून, ते वर ढकलले पाहिजे.

वॉरहॉलच्या डब्यापासून आपण किती दूर आलो ते इथे दिसते. तिथल्या पॉप चित्राचा बराचसा खेळ पृष्ठभागावरच चालतो. इकडे लोकप्रिय प्रतिमेला आत आहे. तिला आत असते, कारण आपण तिच्यापाशी पोरपणापासून काहीतरी ठेवत आलेलो असतो. दोरी ओढल्यावर वर जाणाऱ्या पडद्यासमोर बसलेल्या झाडीपट्टीतल्या पोरांना ही रचना परकी वाटू नये. नाटकाच्या पडद्याचीही आपल्याकडे थोर परंपरा आहे. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर यांनी, सिनेमाकडे वळण्यापूर्वी, केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्शसाठी पडदे रंगवले. त्यांचे नाव इतिहासात राहिले. आमच्याकडे कापडावर जंगल आणि महाल उभे करणाऱ्या हातांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. गुरनोलीच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा झाडीपट्टीच्या नटाकडे देशाचे लक्ष गेले. पडदे रंगवणारा पेंटर अजून पडद्यामागेच आहे.

दोडियांची आणखी एक मालिका आमच्या लेखाला जवळची आहे. गुजराती कवी लाभशंकर ठाकर यांनी बको नावाच्या एका मुलाची कल्पना केली. या बकोच्या स्वप्नात बापू, म्हणजे गांधीजी, येतात आणि दोघांच्या गप्पा होतात. त्या लेखनावर आधारलेली ‘बको एक्झिस्ट्स. इमॅजिन’ ही चित्रमालिका २०११ साली मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत मांडली गेली. बको आहे, अशी कल्पना करा, असा तिचा अर्थ. गांधी हा दोडियांचा जुना विषय; १९९९मध्ये त्यांनी गांधींवरची जलरंगांतली चित्रे दाखवली होती. पण इथे गांधी राष्ट्रपिता नाहीत. ते पोराचे ऐकून घेणारे म्हातारे आहेत. आणि ही मोठमोठी चित्रे दिसतात ती शाळेच्या फळ्यासारखी: काळा पृष्ठभाग, त्यावर खडूने लिहिल्यासारखी अक्षरे, रेषा, काही पुसल्यासारखे. फळा ही शाळेत सगळ्यांत अधिकाराची जागा. तिथे गुरुजी लिहितात. मुलाने तिथे मनातले काही लिहायचे नसते. त्या जागी मुलाचे स्वप्न लिहिले गेले.

ही चित्रे आम्ही पहिल्यांदा पुस्तकात पाहिली तेव्हा आमच्यापैकी एकाला जुनी उत्तरपत्रिका आठवली. इथे आमच्या चुकीची गोष्ट सांगितली पाहिजे.

प्रथम वर्षाच्या मराठीच्या घटक चाचणीत ‘बालपणीची एक आठवण’ या विषयावर लिहायचे होते. भामरागडच्या बाजूने आलेल्या, घरी माडिया बोलणाऱ्या आणि आश्रमशाळेत शिकलेल्या एका मुलाने सात-आठ ओळी लिहिल्या होत्या. पाऊस, मामाचे गाव, पेरूचे झाड. मार्गदर्शक पुस्तकातल्या निबंधासारख्याच; त्यात त्याचे काहीही नव्हते. शेवटच्या पानावर मात्र पेनाने चित्र काढले होते. एक मोठी लांब खोली, ओळीने मांडलेल्या पत्र्याच्या पेट्या, प्रत्येक पेटीला कुलूप. भिंतीवर एका सिनेनटाचे पोस्टर, अगदी बारकाईने उतरवलेले, केसांच्या बटेसकट. पेट्यांच्या शेवटी, भिंतीकडे तोंड करून बसलेले एक लहान मूल. आमच्या सहकाऱ्याने ओळींना गुण दिले आणि चित्राखाली लाल शाईने लिहिले, ‘उत्तरपत्रिकेत चित्रे काढू नयेत.’ शेरा नियमाला धरून होता. त्या मुलाने पुन्हा चित्र काढले नाही. पुढच्या वर्षी तो वर्गात नव्हता. का नव्हता, याची चौकशी कोणी केली नाही.

प्रश्नाचे उत्तर त्या शेवटच्या पानावर होते, हे आम्हाला कळायला किती वर्षे लागली! सहाव्या-सातव्या वर्षी घर सोडून वसतिगृहात आलेल्या मुलाची आठवण मामाच्या गावची नसते. ती कुलूपबंद पेट्यांची असते. आणि ती सांगायला त्याच्यापाशी ना आमची प्रमाण मराठी होती, ना आमच्या वर्गात त्याच्या माडियाला जागा. त्याच्यापाशी होते एक पोस्टर. त्याने ते नीट, केसांच्या बटेसकट काढले, कारण त्या लांब खोलीत रोज रात्री त्याच्याकडे पाहणारा तेवढाच एक ओळखीचा चेहरा होता. आम्ही ते पोस्टर पाहिले आणि ‘सिनेमाचा नाद’ म्हणून सोडून दिले. शटर पाहून मागे फिरलो.

कोणी म्हणेल, की एका विद्यार्थ्याच्या पेनचित्राला दोडियांच्या शेजारी बसवणे हा भावनेचा अतिरेक झाला. आम्ही ते त्यांच्या शेजारी बसवत नाही. चित्रकाराची साधना, त्याचे जागतिक कलेचे वाचन, प्रतिमा निवडण्यातली त्याची जाण या गोष्टी त्या मुलापाशी नव्हत्या. आमचे म्हणणे एवढेच आहे, की दोघांनी हात घातला तो एकाच कपाटात. त्या कपाटाला आम्ही अभिरुचीच्या नावाने कुलूप लावले होते. खख्खरने देवाच्या छापील चित्राला हात लावला, दोडियांनी कॅलेंडर आणि शटर एकत्र आणले, तेव्हा त्यांनी बाजारातल्या प्रतिमेला मोठेपणा बहाल केला असे नव्हे. ती प्रतिमा आमच्या पोरपणाची साक्षीदार होती, तिची साक्ष त्यांनी नोंदवून घेतली. महाराष्ट्रातल्या पॉप चित्राचा इतिहास लिहायचा तर तो पश्चिमेकडून आलेल्या लाटेचा इतिहास म्हणून लिहून भागणार नाही. तो आपल्या घरांतल्या भिंतींचा, आणि त्या भिंतींकडे तोंड करून बसलेल्या मुलांचा इतिहास म्हणूनही लिहावा लागेल.

आता फ्लेक्स आला आहे. गावातल्या पाट्या रंगवणारे हात कमी होत चालले आहेत आणि मुलांच्या हातातल्या मोबाइलवर प्रतिमा क्षणात येते, क्षणात जाते. तिला भिंतीवर काळवंडायला वेळ मिळत नाही. पुढच्या पिढीचे मूल आपले न सांगितलेले कोणत्या चित्रापाशी ठेवेल, हे आम्हाला आज सांगता येत नाही. पण ते कुठेतरी ठेवणारच.

आमच्या हाती आहे ते फार थोडे. गेल्या काही वर्षांपासून आम्ही घटक चाचणीत ‘बालपणीची आठवण’ हा विषय असाच देत नाही. ‘लहानपणी तुमच्या भिंतीवर कोणते चित्र होते?’ असे विचारतो. झाडीबोलीत लिहिले तरी चालेल, शब्द अडला तर चित्र काढले तरी चालेल, असे खाली स्पष्ट लिहितो. उत्तरे लांबलचक येऊ लागली आहेत. त्यांत देव आहेत, नट आहेत, गेलेल्या बापाचा फोटो आहे, निवडणुकीचे फाटके पोस्टर आहे, आणि एका मुलीच्या उत्तरात नुसता खिळा आहे. चित्र कधीच नव्हते, खिळा तेवढा होता, असे तिने लिहिले होते. त्या खिळ्याला किती गुण द्यावेत, यावर आम्ही शिक्षकखोलीत बराच वेळ बोलत होतो.